थंड पाण्याचा जीव

पौष महिन्यात आमच्या हिवरा आश्रम गावाच्या वाऱ्याला तळणीचा वास असतो. विवेकानंद जयंतीचा उत्सव जवळ आला की आश्रमाच्या बाजूला मोठाल्या कढया चढतात, पुऱ्यांचे ढीग लागतात, वांग्याच्या भाजीला फोडणी बसते. शेवटच्या दिवशी मोकळ्या रानात माणसं ओळीनं मांडी घालून बसतात, लाखाच्या घरात, आणि त्या ओळींमधून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या पुरी-भाजी वाढत हळूहळू पुढं सरकतात. शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या या आश्रमानं आमच्या पंचक्रोशीच्या अंगी एक गोष्ट मुरवली आहे. दारी आलेल्याला जेवू घालायचं. त्याची जात विचारायची नाही, गाव विचारायचं नाही.

त्या दिवसांत आमचा मोती नीट झोपत नाही. अंगणातल्या निंबाखाली आश्रमाकडे तोंड करून बसून राहतो. नाकपुड्या सारख्या हलत असतात. ओठांच्या कोपऱ्यातून लाळेची तार खाली येते, तुटते, पुन्हा येते. मोती लॅब्रॅडॉर आहे. फिकट पिवळा, रुंद डोक्याचा, भरल्या छातीचा. सकाळचं जेवण नुकतंच झालेलं असलं तरी त्याच्या डोळ्यांत असं काही असतं की येणाऱ्या-जाणाऱ्याचा जीव तुटतो. "काहून रे, उपाशी ठेवतं का याले?" असं विचारल्याशिवाय गल्लीतलं वडीलधारं माणूस पुढं जात नाही.

मोती उपाशी नसतो. पण त्याची भूक खोटीही नसते, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याच्याबद्दल. लॅब्रॅडॉर खादाड असतो, हावरट असतो असं लोक हसत हसत म्हणतात. २०१६ साली केंब्रिज विद्यापीठात एलिनॉर रॅफन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जातीच्या कुत्र्यांची जनुकं तपासली. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचवण्यात पीओएमसी नावाच्या जनुकाचा मोठा वाटा असतो. साधारण चारांतल्या एका लॅब्रॅडॉरच्या या जनुकातला एक छोटा तुकडा गळालेला त्यांना आढळला. म्हणजे पोट भरतं, पण दोन जेवणांच्या मध्ये भूक लवकर परत जागी होते. पुढं २०२४ मध्ये याच गटाच्या नव्या अभ्यासातून आणखी कळलं की अशी कुत्री विश्रांतीच्या वेळी ऊर्जाही कमी खर्च करतात. भूक जास्त आणि खर्च कमी, अशी दोन्हीकडून कोंडी. मोतीच्या डोळ्यांत पाहिलं की तो चारांतला तो एकच वाटतो.

२०१६च्या त्या अभ्यासातली एक गोष्ट मला कितीतरी दिवस पुरली. अपंगांच्या मदतीला दिल्या जाणाऱ्या ज्या लॅब्रॅडॉरांची तपासणी झाली, त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश कुत्र्यांमध्ये हा बदल सापडला. ज्याला खाऊची ओढ जास्त, तो लवकर शिकतो. जो लवकर शिकतो, त्याला माणूस कामाला निवडतो आणि त्याचीच पिल्लं वाढवतो. त्याच्या ज्या शहाणपणाचं आपण कौतुक करतो, त्याच्या मुळाशी बहुधा त्याची न भागणारी भूक आहे. ती भूक आपण निवडली, पिढ्यान्‌पिढ्या निवडली. मग तिचा भार त्या मुक्या जनावरावर कसा टाकायचा?

आमच्या घरात यावरून वाद होतो. आईला अन्न मोजणं पटत नाही. अन्न मोजून देणं हे तिच्या लेखी कंजूषपणाच्याही पलीकडचं, जवळजवळ पाप आहे. ती मला नामदेव महाराजांची गोष्ट ऐकवते. कुत्र्यानं पोळी पळवली तर नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन मागं धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. आणि तू हातातला चतकोर काढून घेतोस? आश्रमाच्या गावात, भुकेल्यात देव पाहायला शिकवणाऱ्या गावात, या प्रश्नाला उत्तर देणं सोपं नाही.

माझ्यापाशी उत्तर आहे ते एका मोठ्या प्रयोगाचं. प्युरिना कंपनीच्या संशोधकांनी ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावल्या. जोडीतली दोन्ही एकाच वेतातली. एकाला जितकं अन्न, दुसऱ्याला त्याहून पाव हिस्सा कमी. हे एकदोन महिने नाही, जन्मभर चाललं. २००२ साली निष्कर्ष छापून आले. कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुष्य १३ वर्षं भरलं, जोडीदारांचं ११.२. शिवाय सांध्यांची दुखणी त्यांना उशिरा लागली. कुत्र्याच्या आयुष्यात पावणेदोन वर्षं म्हणजे आपल्या आयुष्यातलं दशकच. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मंग त्याच्यासमोर आपण खाऊ नये." तेव्हापासून आमची जेवणं आतल्या खोलीत होतात.

नुसत्या दूध-भाकरीवर हा कुत्रा चालत नाही. त्याला मांस-अंडी किंवा तशा ताकदीचं काहीतरी लागतं, म्हणून उकडलेली कोंबडी किंवा अंडी, बिनमसाल्याचं वरण, थोडा भात किंवा ज्वारीची भाकर, शिजवलेला भोपळा. दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी, ठरल्या मापानं. पोतं आणून कोरडं खाद्य देणारे आहेत, त्यांनाही माप सुटत नाही. कांदा अजिबात नाही. कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून उत्सवातली भाजी कितीही प्रेमानं कोणी पुढं केली तरी मी हात जोडतो. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट हेही वर्ज्य. वजनाचा काटा घरात नसला तरी तळहात असतो. बरगड्यांवरून हात फिरवावा. त्या दिसू नयेत, पण बोटांना लागाव्यात. पूर्ण वाढलेला नर २९ ते ३६ किलोंचा, मादी २५ ते ३२ किलोंची. रस्त्यानं डुलत चालणारा, पाठीचं टेबल झालेला लॅब्रॅडॉर दिसला की लोक "काय धष्टपुष्ट आहे!" म्हणतात, मला त्याचे मागचे पाय दिसतात. या जातीचे खुबे आणि कोपरं मुळातच नाजूक, त्यावर जास्तीचा एकेक किलो रोज पडत असतो.

हा जीव आला कुठून? नाव लॅब्रॅडॉरचं, मूळ गाव मात्र कॅनडाच्या कडेचं न्यूफाउंडलंड बेट. तिथले कोळी बर्फगार समुद्रात कॉड मासे धरायचे आणि त्यांची काळी कुत्री पाण्यात उडी घेऊन गळातून निसटलेला मासा, जाळ्याचा दोर, तरंगतं लाकूड ओढून आणायची. माशांच्या जहाजांबरोबर ती इंग्लंडच्या पूल बंदरात उतरली. माम्सबरीच्या अर्लनं ती पाळली, त्याच्या वंशजानं १८८०च्या दशकात बक्लूच्या ड्यूकला नेड आणि ॲव्हन ही कुत्री दिली आणि आजची वंशावळ त्यांच्यापाशी जाऊन पोचते. १९०३ मध्ये इंग्लंडच्या केनेल क्लबनं जातीला मान्यता दिली. पिवळा रंग मागाहून मानला गेला. १८९९ साली जन्मलेला बेन ऑफ हाइड हा नोंद झालेला पहिला पिवळा. न्यूफाउंडलंडची ती मूळ कुत्री मात्र विसाव्या शतकात संपली.

मोतीचं सगळं अंग त्या थंड पाण्याची आठवण सांगतं. बोटांमध्ये पडदा आहे. शेपूट बुडाशी जाड, टोकाकडे निमुळती. पोहताना ती सुकाणू होते. केसांचे दोन थर आहेत, वरचे राठ आणि तेलकट, खालची दाट लव. भिजून बाहेर आला, अंग झाडलं, की कातडी जवळपास कोरडी. आणि हे सगळं घेऊन तो आमच्या मे महिन्यात राहतो.

आम्ही घाटावरचे. घाटाखालच्या मलकापूर-शेगावइतकी आग आमच्याकडे पडत नाही, तरी पारा चाळिशी ओलांडतोच. दुपारी काळी जमीन भेगाळते, डांबराचा रस्ता मऊ होतो. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या, हाच त्याचा उष्णता बाहेर टाकायचा मुख्य मार्ग. म्हणून उन्हाळ्यात मोतीचं फिरणं उजाडायच्या आत उरकतं. रस्त्यावर पंजा पडायच्या आधी मी माझ्या हाताची पालथी बाजू डांबरावर टेकवतो. सात मोजेपर्यंत ठेवता आली नाही तर घरी परत. दुपारी गोठ्याच्या कोपऱ्यात ओलं पोतं, मातीच्या घमेल्यात पाणी. पुष्कळ लोक उन्हाळा आला की कुत्र्याचे केस भादरून टाकतात. तसं करू नये. तो दुहेरी थर उन्हालाही अडवतो; तो गेला की कातडी भाजते. फक्त झडलेली लव फणीनं रोज काढावी. धापा थांबत नाहीत, हिरड्या लालभडक झाल्या, पाय लटपटायला लागले, तर सावलीत घ्यायचं, पोटावर, मांड्यांमध्ये, पंज्यांवर साधं पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि तसंच गाडीत टाकून डॉक्टर गाठायचा. त्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश असतं. ४१ च्या वर गेलं की जिवावर बेततं.

पण मोतीला सुखी पाहायचं असेल तर पावसाळा सरल्यावर कोराडी धरणावर यावं. पाणी दिसायच्या आधी त्याला वासानं कळतं. गाडीतच त्याचा आवाज बदलतो, भुंकणं नाही, घशातल्या घशात लांबलेला एक सूर. मग तो पाण्यात शिरतो तेव्हा उडतो म्हणावं की कोसळतो, मला अजून ठरवता आलेलं नाही. डोकं तेवढं वर, मागं पाण्याची सरळ रेघ. एका सकाळी भोयांची होडी काठाला लागत होती आणि जाळ्याच्या टोकाला बांधलेली प्लास्टिकची बाटली सुटून आत वाहत चालली होती. मला हाक मारायची उसंत मिळाली नाही. मोती गेला, बाटलीचा दोर दातांत धरला आणि सरळ त्या म्हाताऱ्या भोयाच्या पायांशी आणून सोडला. म्हातारा दोर हातात घेऊन कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिला. "याले कोणं शिकवलं?" त्यानं विचारलं. मी न्यूफाउंडलंडचं नाव घेतलं नाही. कोळ्यांनी, एवढंच म्हणालो.

पाण्यातून आल्यावर कान कोरडे करायचे हे विसरून चालत नाही. पडलेल्या कानांखाली ओल साचते, बुरशी धरते, वास सुटतो. जाळ्यांच्या जवळ त्याला सोडायचं नाही. पायात फास अडकला तर पट्टीचा पोहणाराही बुडतो.

त्याच्या तोंडाबद्दल सांगायचं राहिलं. गोठ्यात गव्हाणीमागं आमची कोंबडी चोरून अंडी घालते. एकदा मोती तिकडून आला, चालणं नेहमीपेक्षा सावकाश, गाल किंचित फुगलेले, नजर माझ्यावर. मी हात पुढं केला. त्यानं जबडा उघडला आणि तळहातावर अंडं आलं, कोमट, लाळेनं ओलं, कुठंही तडा नाही. ज्या प्राण्याची भूक कधी पुरी भागत नाही, तो दातांमधलं अंडं न फोडता आणून देतो. शिकारीत पडलेला पक्षी न चावता आणणारी कुत्री माणसानं पुन्हा पुन्हा निवडली, त्यातून हे तोंड घडलं, हे मला ठाऊक आहे. तरी त्या ओल्या अंड्याकडे पाहताना गळा दाटून आला होता.

माणसासाठी राबायचं हेच देणं, तोंडाऐवजी नाकाचं, महाराष्ट्रानं फार मोठ्या प्रमाणावर घेतलं आहे. पुण्यात शिवाजीनगरला सीआयडीच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झालेला झंजीर नावाचा लॅब्रॅडॉर डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात आला आणि तीन महिने होतात न होतात तोच मुंबईतल्या साखळी बॉम्बस्फोटांचा १२ मार्च १९९३ चा दिवस उजाडला. त्या काळात त्यानं हुंगून दाखवलेलं आरडीएक्स तीन हजार किलोंहून अधिक होतं. न फुटलेल्या त्या स्फोटकांमागं किती घरं शाबूत राहिली याचा हिशेब कोणालाच मांडता यायचा नाही. १६ नोव्हेंबर २००० ला हाडांच्या कर्करोगानं तो गेला. पोलिसांनी त्याला सन्मानानं निरोप दिला. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चार लॅब्रॅडॉर कामावर होते. निवृत्तीनंतर विरारच्या एका शेतावर त्यांना मोकळी जागा मिळाली आणि २०१६ या एका वर्षात चौघंही गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानच्या भूकंपात आपल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या रोमिओ आणि ज्युली या लॅब्रॅडॉरांनी ढिगाऱ्याखालची सहा वर्षांची मुलगी शोधून दिली. यातल्या एकाही कुत्र्याला बॉम्ब म्हणजे काय, भूकंप म्हणजे काय, हे माहीत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की हा वास सापडला की आपला माणूस खूश होतो.

म्हणूनच या जातीला एकटेपण सोसत नाही. तिन्हीत्रिकाळ दाराशी साखळीला बांधलेला लॅब्रॅडॉर मला पाहवत नाही. राखणीचा कुत्रा हवा म्हणून लोक महागाचं पिल्लू आणतात, तो चोराच्याही अंगाला अंग घासतो, मग चिडून त्याला कोपऱ्यात बांधतात. कामाशिवाय, माणसाशिवाय राहिलेला हा जीव चपला फाडतो, दार कुरतडतो, स्वतःचे पंजे चाटून चाटून सोलतो. राखणीला आपलं गावठी कुत्रं शतपटीनं चांगलं. आमच्या उन्हात ते जन्मलेलं, दोन घासांवर राहणारं, गोचिडांशीही थोडं जास्त झगडू शकणारं.

गोचीड हा आमच्याकडचा खरा वैरी. गुरांचा गोठा, शेताचे बांध, पावसानंतरचं गवत, सगळीकडे तो आहे. मोती शेतातून आला की मी आधी त्याच्या कानांच्या मागं, बोटांच्या मध्ये, शेपटीखाली बोटं फिरवतो. ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ हाताला लागली की चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. रॉकेल ओतायची जुनी रीत सोडून द्यावी; त्यानं कातडी भाजते आणि चिडलेला गोचीड रोगाचे जंतू आत सोडतो. गोचिडाच्या तापानं जेवणावर तुटून पडणारा लॅब्रॅडॉर थाळीकडे पाठ फिरवतो. मोतीनं एकदा तशी पाठ फिरवली. मी ओठ वर करून पाहिलं, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. त्याच दिवशी रक्त तपासलं म्हणून औषधाला वेळ मिळाला. या कुत्र्याची भूक मेली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये, हे मी ज्याला त्याला सांगतो. रेबीज आणि पार्व्होच्या लसी, जंतांचं औषध, हे तर आलंच. शेतात कीटकनाशक टाकलं असेल, औषध लावलेलं बियाणं किंवा उंदराची गोळी ठेवली असेल, तर मोती त्या दिवशी बांधावर येत नाही. जे दिसेल ते तोंडात घेणाऱ्यावर आपलाच डोळा हवा.

आता त्याचं थोबाड पांढरं पडत चाललं आहे. फरशीवरून उठताना मागचे पाय क्षणभर सरकतात, म्हणून त्याच्या वाटेवर गोणपाट अंथरलं आहे. धावणं कमी केलं, पोहणं ठेवलं. पाण्यात सांध्यांवर भार येत नाही.

शेजारच्या पोराला लॅब्रॅडॉरचं पिल्लू हवं आहे. दिवाळीपासून तो माझ्यामागं लागला आहे. मी त्याला म्हणालो, पिल्लू पाहायला जाशील तेव्हा आधी त्याची आई दाखवा म्हण. दाखवत नसतील तर परत ये. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू कोणी कितीही स्वस्तात दिलं तरी घेऊ नको. आई-बापांच्या खुब्यांचे एक्सरे काढलेत का, हेही विचार. दोन-अडीच वर्षं ते पोरच राहणार, वस्तू फाडणार. घरी दिवसा कोण असतं ते आधी ठरवा. दहा-बारा वर्षांनी तू शिकायला बाहेरगावी असशील, तेव्हा त्याचे म्हातारपणाचे दिवस कोण काढणार, तेही आत्ताच बोलून घ्या.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग मोतीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "अन् त्यानं असं पाहिलं त माह्या हातून पोळी देणं होईनच."

"नाही होऊ द्यायचं," आई आतून म्हणाली.